ताळा पाहणारी नजर : गुप्तहेरपटांविषयी काही विचार

(शाळेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण मिळाले, तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपवण्यात आली होती. हीरकमहोत्सवाच्या प्रसंगी मातृभाषेतून शिक्षण, संस्थेची वाटचाल, गुरुजनांचे ऋण असे विषय शोभून दिसतात. मी ‘आवर्जून पाहावेत असे गुप्तहेरपट’ हा विषय कळवला, तेव्हा संयोजकांनी नम्रपणे विचारले, ‘‘विषय बदलता येईल का?’’ मीही तितक्याच नम्रपणे नकार दिला. त्यामागचे कारण आज आपल्यापुढे मांडतो.

आमच्या विद्यार्थिदशेत गुप्तहेरकथा वाचणे हा एक लहानसा अपराधच होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड आमच्या बाकांखालच्या फळीवर भूगोलाच्या पुस्तकाआड दडलेले असत. आठवीत असताना माझ्याजवळचे असेच एक पुस्तक वर्गशिक्षकांनी जप्त केले आणि वर्षअखेरीस परत दिले. देताना ते हळूच म्हणाले, ‘‘याची शेवटची दोन पाने गळली आहेत. शेवट कुठे कळला, तर मलाही सांग.’’ त्या दिवसापासून गुरुजनांविषयीचा माझा आदर दुणावला आणि गुप्तहेरकथांविषयीचा संकोच कायमचा गेला.

परंतु आज हा विषय निवडण्याचे कारण एवढे हलकेफुलके नाही. ते माझ्या घरात घडलेल्या एका प्रसंगाशी निगडित आहे. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, याच शाळेची विद्यार्थिनी. ती आज समोर बसली आहे आणि तिच्या अनुमतीनेच मी हे सांगत आहे. दोन वर्षांपूर्वी तिला एक दूरध्वनी आला. तिच्या नावाने आलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, असे सांगण्यात आले. पाठोपाठ मोबाइलच्या पडद्यावर खाकी गणवेशातला एक मनुष्य अवतरला. त्याच्या मागे भिंतीवर बोधचिन्ह होते, टेबलावर फायली होत्या, आवाजात दरारा होता. खोलीबाहेर जायचे नाही, कुणाशी बोलायचे नाही, तुम्ही ‘डिजिटल अटकेत’ आहात, असे त्याने बजावले. दोन दिवस ती एकटी त्या पडद्यापुढे बसून राहिली आणि निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेचा मोठा भाग ‘तपासणीसाठी’ म्हणून त्याने सांगितलेल्या खात्यात जमा करून मोकळी झाली.

‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही, हे आज अनेकांना ठाऊक आहे. तिला ते ठाऊक नव्हते. पैसा गेला त्याचे दुःख होतेच. पण त्याहून मोठी हानी पुढे दिसू लागली. अक्काने प्रश्न विचारणेच सोडून दिले. भाजीवाल्याला भाव विचारणे नाही, नातवंडांच्या अभ्यासाची चौकशी नाही. ‘‘मला काय कळतंय!’’ एवढे एकच वाक्य तिच्या ओठी राही. या शाळेत असताना प्रत्येक उदाहरणाचा ताळा पाहिल्याशिवाय पाटी खाली न ठेवणारी माझी बहीण स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास हरवून बसली होती.

तिच्या मनाला विरंगुळा मिळावा म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे काशीला गेलो. एके सकाळी दशाश्वमेध घाटावरून शीतला घाट आणि अहिल्याबाई घाट ओलांडून आम्ही मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. मागे चुनारच्या दगडाचा उंच, राजवाड्यासारखा वाडा. दशाश्वमेधावरची गर्दी तिथवर पोहोचत नाही. बराच वेळ गंगेकडे पाहिल्यावर अक्का अचानक म्हणाली, ‘‘मुन्शी म्हणजे कोण रे?’’

कित्येक महिन्यांनंतर तिने विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

मी एका नावाड्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘रहे होंगे कोई मुन्शीजी.’’ पायऱ्यांवर चहा विकणाऱ्याने सांगितले की हे सारे दरभंग्याच्या महाराजांचे. एका वृद्ध गृहस्थांचे मत पडले की मुन्शी हा कुणा जमीनदाराचा कारकून असावा. एका नावाची ही तीन उत्तरे झाली. संध्याकाळी गोदौलियाच्या बाजारात आम्ही काशीच्या घाटांविषयीची पुस्तके चाळली. एकात उत्तर मिळाले. पण अक्काने दुसरे पुस्तक उघडायला लावले. ‘‘ताळा पाहू,’’ ती म्हणाली. दोन्हींचा मेळ बसला. मुन्शी घाट आणि त्यावरचा तो वाडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला तो नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर मुन्शी यांनी. पुढे १९१५ च्या सुमारास त्याचा एक भाग दरभंगा नरेशांकडे गेला आणि तो भाग दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. आज त्या वाड्यात हॉटेल आहे. म्हणजे चहावालाही चुकला नव्हता. त्याला कथेचा उत्तरार्ध तेवढा ठाऊक होता. आणि शेजारच्या घाटावर अहिल्याबाई होळकरांचे नाव पाहून मराठी म्हणून अभिमान बाळगणारे आम्ही दोघे, ज्या पायऱ्यांवर बसलो होतो त्याही मराठी राज्याच्या एका कारभाऱ्याने बांधलेल्या आहेत, हे जाणत नव्हतो. ‘मुन्शी’ या फारसी पदवीआडचा आपला माणूस आम्हाला दिसलाच नव्हता.

त्याच रात्री मुक्कामाच्या खोलीत मी अक्काला एक चित्रपट दाखवला. तो याच काशीत घडतो, आणि आजच्या विषयाचा खरा आरंभ तिथून होतो. सत्यजित राय यांचा १९७९ साली प्रदर्शित झालेला बंगाली चित्रपट ‘जय बाबा फेलुनाथ’.

राय यांनी काशी त्यापूर्वीही चित्रित केली होती. १९५६ च्या ‘अपराजितो’मध्ये अपूच्या वडिलांचे, हरिहराचे, निधन याच शहरात होते. त्या चित्रपटातील काशीच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते. भोवतीच्या उंच भिंतींमुळे अशा अंगणात वरून झिरपणारा, सावली न पाडणारा उजेड असतो. तो हुबेहूब यावा म्हणून छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून दिव्यांचा प्रकाश त्यावरून परावर्तित केला. चित्रपटाच्या इतिहासात ही युक्ती प्रसिद्ध आहे. ‘अपराजितो’ने काशी शोकाच्या डोळ्यांनी पाहिली, वीस-बावीस वर्षांनी तेच दिग्दर्शक त्याच शहरात परतले, ते संशयाचे डोळे घेऊन.

प्रदोषचंद्र मित्र ऊर्फ फेलूदा हा राय यांनीच निर्माण केलेला खासगी गुप्तहेर. त्याचा जन्म पडद्यावर झाला नाही. राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ साली सुरू केलेले ‘संदेश’ हे मुलांचे मासिक राय यांनी १९६१ मध्ये पुनरुज्जीवित केले आणि त्यातील बालवाचकांसाठी १९६५ पासून ते फेलूदाच्या कथा लिहू लागले. जगभर कीर्ती मिळवलेला दिग्दर्शक दरमहा शाळकरी मुलांसाठी लिहितो आणि त्यातूनच पुढे चित्रपट करतो, ही गोष्ट शिक्षकांच्या या सभेत मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

चित्रपटाचा कथाभाग थोडक्यात सांगतो. रहस्य फोडणार नाही. दुर्गापूजेच्या सुटीत फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि रहस्यकथालेखक लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू काशीला येतात. तिथे घोषाल नामक बंगाली कुटुंबातील एक लहानशी, अत्यंत मौल्यवान गणेशमूर्ती नाहीशी होते. तिच्यावर डोळा असतो मगनलाल मेघराज या धनाढ्य तस्कराचा. घाटावर तेव्हाच एक ‘मछलीबाबा’ अवतरलेला असतो. तो गंगेतून पोहत आला अशी वदंता आहे आणि भक्तांना तो माशाचे खवले प्रसाद म्हणून देतो. घोषालांच्या घरातला छोटा रुकू रहस्यकथांच्या नादात स्वतःला ‘कॅप्टन स्पार्क’ समजतो, आणि त्याच्या आजोबांनाही त्याच कथांचे वेड असते. या चित्रपटाला उत्कृष्ट बालचित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पण वडीलधाऱ्यांनी तो मुलांना दाखवण्यापुरता पाहू नये, स्वतःसाठीही पाहावा.

यातला एक प्रसंग ज्याने पाहिला तो विसरत नाही. मगनलाल फेलूदाला आणि त्याच्या सोबत्यांना आपल्या वाड्यावर बोलावतो. सरबत पुढे करतो, हसतो, तपास सोडून देण्यासाठी पैसे देऊ करतो. फेलूदा नाकारतो. तेव्हा मगनलाल भोळ्या जटायूला एका फळीपुढे उभे करवतो आणि एका म्हाताऱ्या, कृश कसरतपटूला त्याच्याभोवती सुऱ्या फेकायला लावतो. उत्पल दत्त यांचा लोण्यासारखा मऊ आवाज, संतोष दत्त यांचा भीतीने पांढरा पडलेला चेहरा आणि सौमित्र चटर्जींच्या फेलूदाची असहायता! तो पाहत राहतो. त्याला काहीही करता येत नाही. बाहेर पडल्यावर तो म्हणतो त्याचा आशय असा, की या अपमानाची भरपाई मी करीन, नाही तर हा व्यवसाय सोडून देईन.

हा प्रसंग संपल्यावर अक्काने मला चित्रपट थांबवायला सांगितले. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘म्हणजे हुशार माणसालाही असं बसून पाहावं लागतं.’’

मित्रहो, माझ्या व्याख्यानाचा गाभा तिच्या या वाक्यात आहे. गुप्तहेरपट म्हणजे कधीही न फसणाऱ्या अतिचतुर माणसाची गोष्ट, असा आपला समज असतो. चांगल्या गुप्तहेरपटांत तसे नसते. त्यांतला गुप्तहेर आधी फसतो, अपमानित होतो, चुकीचा तर्क करतो, आणि मग मागे वळून आपल्याच तर्काचा ताळा पाहतो. त्याचे मोठेपण या मागे वळण्यात आहे.

खासगी गुप्तहेर आणि पोलीस यांतला भेद इथे ध्यानी घ्यावा. खासगी गुप्तहेराच्या अंगावर गणवेश नसतो. त्याला अटक करता येत नाही, कुणाच्या घराची झडती घेता येत नाही, साक्ष द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही. त्याच्यापाशी फक्त दोन डोळे, एक वही आणि विचारलेच तर उत्तर मिळेल अशी आशा असते. म्हणजे तो तुमच्याआमच्यासारखाच नागरिक असतो. उलट ठकाकडे पाहा. तो नेहमी अधिकाराचे सोंग घेऊन येतो. कधी त्याच्या अंगावर खाकी गणवेश असतो, कधी भगवी वस्त्रे, कधी उंची सूट. तो हुकूम सोडतो आणि विचार करायला वेळ देत नाही. गुप्तहेराकडे हुकूम नसतो. तो वेळ घेतो आणि प्रश्न विचारतो.

ही दृष्टी ठेवून जगातले नामांकित गुप्तहेरपट पाहिले, तर एक मौजेची गोष्ट आढळते. त्यांतले अनेक चित्रपट सुरू होतात ते खोट्या ओळखीने. जॉन ह्यूस्टन यांचा १९४१ चा ‘द माल्टीज फाल्कन’ घ्या. डॅशिएल हॅमेट यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे, आणि हॅमेट यांनी स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केली होती. एक स्त्री खोटे नाव सांगून सॅम स्पेडच्या कचेरीत येते आणि तिच्या बनावट हकिगतीवर विसंबून त्याचा भागीदार प्राण गमावतो. पुढे काळ्या ससाण्याच्या एका मौल्यवान मूर्तीसाठी सारे एकमेकांना फसवू लागतात. घोषालांच्या गणेशमूर्तीचा हा दूरचा भाऊबंदच म्हणा. १९७४ च्या ‘चायनाटाउन’मध्ये जेक गिट्स या गुप्तहेराकडे एक बाई येते आणि एका उच्चपदस्थ अधिकाऱ्याची पत्नी असल्याचे सांगते, खरी पत्नी नंतर त्याच्या दारात उभी राहते. लॉस एंजेलिसच्या पाण्याभोवती विणलेली ही कथा अत्यंत कटू आहे आणि ती प्रौढांनीच पाहावी. तिचाच धागा घेऊन नवदीप सिंग यांनी २००७ साली ‘मनोरमा सिक्स फीट अंडर’ हा हिंदी चित्रपट राजस्थानच्या एका रखरखीत गावात बेतला. त्यातला नायक रहस्यकथा लिहिणारा निलंबित अभियंता आहे. त्याच्याकडेही एक स्त्री येते, मंत्र्याची पत्नी म्हणून, आणि तीही ओळख खोटीच निघते.

लबाडी ओळखण्याचे काम अंगावर घेतलेले हे तिघेही समोर येऊन बसलेल्या व्यक्तीच्या नावाला पहिल्या भेटीत फसतात. मग निवृत्त, एकट्या, कायद्याला भिणाऱ्या स्त्रीने फसावे यात लाजिरवाणे काय आहे? लाजेने गप्प बसणे मात्र ठकाच्या पथ्यावर पडते. अक्काने तक्रार नोंदवण्यात चार दिवस घालवले ते केवळ लोक काय म्हणतील या भीतीने. अशा गुन्ह्यात पहिले काही तास मोलाचे असतात आणि १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे लागते, हे तिला फार उशिरा कळले.

राय यांचेच आणखी दोन चित्रपट सांगतो. १९७४ चा ‘सोनार केल्ला’ हा फेलूदाचा पहिला चित्रपट. मुकुल नावाच्या मुलाला पूर्वजन्मीचा सोन्याचा किल्ला आठवतो आणि त्याचा शोध जैसलमेरच्या पिवळ्या दगडाच्या किल्ल्यापर्यंत जातो. यातही एक खलपुरुष दुसऱ्या सज्जनाचे नाव धारण करून वावरतो. परंतु राय ते प्रेक्षकांपासून लपवून ठेवत नाहीत. दुष्ट कोण, हे आपल्याला लवकरच कळते. तरीही उत्कंठा कमी होत नाही, कारण आता आपण पाहतो ते इतरांना हे केव्हा आणि कशावरून कळेल. ‘जय बाबा फेलुनाथ’मध्येही मगनलाल दुष्ट आहे हे पहिल्या भेटीतच उमगते, प्रश्न उरतो तो सिद्ध कसे करायचे याचा. व्यवहारातही बहुधा असेच असते. संशय सर्वांनाच येतो, पण पुरावा गोळा करण्याचे कष्ट फार थोडे घेतात.

दुसरा चित्रपट १९६७ चा ‘चिडियाखाना’. त्यात उत्तमकुमार यांनी ब्योमकेश बक्षीची भूमिका केली. राय स्वतः या चित्रपटावर समाधानी नव्हते, तरी त्यासाठी त्यांना दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ब्योमकेशचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्याशी आपले एक नाते आहे. काशीजवळच्या जौनपुरात जन्मलेले हे लेखक चित्रपटव्यवसायासाठी मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या अनेक कथा त्यांनी त्यानंतरच्या काळात लिहिल्या. शिवकालावर बेतलेल्या सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या कथाही त्यांनी बंगाली बालवाचकांना दिल्या. कलकत्त्याच्या गल्ल्यांतून फिरणारा तो बंगाली गुप्तहेर पुण्यात बसून लिहिला जात होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही अडखळलो, तसेच हे. ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही. तो म्हणतो ‘सत्यान्वेषी’. १९९३ साली बासू चटर्जी यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या मालिकेतला रजित कपूर यांचा शांत, धोतरातला ब्योमकेश येथील पालकांना नक्कीच आठवत असेल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा.

मराठीत भा. रा. भागवतांच्या बनेश फेणेला ‘फास्टर फेणे’ या चित्रपटाने २०१७ साली नव्या काळात आणले. आदित्य सरपोतदार यांनी तो दिग्दर्शित केला, अमेय वाघ यांनी नायक साकारला आणि दिलीप प्रभावळकर पडद्यावर साक्षात भागवत होऊन आले. एका मुलाचा मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदवला जातो; बनेशला ते पटत नाही आणि शोध वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या घोटाळ्यापर्यंत पोहोचतो. फुरसुंगीच्या या पोराकडे कोणताही अधिकार नाही. ‘हे पटत नाही’ एवढेच त्याचे भांडवल. अर्नाळकर आणि भागवतांसारखे लेखक लाभलेल्या भाषेत असे चित्रपट याहून कितीतरी अधिक व्हायला हवे होते. समोर बसलेल्यांपैकी कुणी पुढे ते करील अशी आशा बाळगतो.

आता विद्यार्थ्यांसाठी माझ्या विशेष आवडीचा एक मूकपट. बस्टर कीटन यांचा १९२४ चा ‘शेरलॉक ज्युनियर’ जेमतेम पाऊण तासाचा आहे. चित्रपटगृहात यंत्र चालवणारा एक तरुण गुप्तहेर होण्याची स्वप्ने पाहतो, त्यासाठी पुस्तकही वाचतो. त्याच्या प्रेयसीच्या वडिलांचे घड्याळ चोरीला जाते आणि आळ त्याच्यावरच येतो. दुःखी होऊन तो यंत्राशेजारी झोपी जातो आणि स्वप्नात थेट पडद्यात शिरतो. तिथे तो महान गुप्तहेर असतो. मोटारी, पाठलाग, विषारी सापळे, काय काय नसते! चित्रपट शंभर वर्षांचा झाला, म्हणून शेवट सांगण्याचा दोष पत्करतो. हा स्वप्नात पराक्रम गाजवत असताना खरी चोरी उघडकीस आणते ती त्याची प्रेयसी. ती सरळ त्या सावकाराच्या दुकानात जाते आणि घड्याळ गहाण ठेवणारा माणूस कसा दिसत होता, एवढे विचारते. झाला उलगडा! तिच्याकडे भिंग नाही, वेषांतर नाही. योग्य ठिकाणी जाऊन विचारलेला एक साधा प्रश्न आहे. विनोदाच्या ओघात कीटन यांनी शोधकार्याचे सारे मर्म सांगून टाकले आहे.

या नजरेला एक मर्यादाही हवी, तिचा उल्लेख केल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होणार नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५४ च्या ‘रिअर विंडो’चा नायक व्यवसायाने छायाचित्रकार. पाय प्लास्टरमध्ये अडकल्यामुळे तो खुर्चीत बसून समोरच्या घरांच्या खिडक्यांत डोकावतो आणि एका शेजाऱ्याने खून केला असावा असा त्याला संशय येतो. चित्रपट आपल्याला खिळवून ठेवतो. पण त्याच वेळी, दुसऱ्याच्या खिडकीत असे डोकावणे कितपत योग्य, हा प्रश्न त्यातली पात्रेच विचारतात. प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असलेल्या आजच्या काळात हा चित्रपट पाहून तरुणांनी त्यावर चर्चा करावी. चौकशी आणि चोंबडेपणा यांत अंतर आहे. सत्य शोधणाऱ्याला समोरच्या माणसाची प्रतिष्ठाही सांभाळावी लागते.

याही बाबतीत फेलूदा मला आदर्श वाटतो. तो काशीत येऊन कुणाच्या श्रद्धेची टिंगल करत नाही. गंगेला नमस्कार करणाऱ्यांशी त्याचे भांडण नाही. मछलीबाबापुढे भक्तिभावाने हात जोडणाऱ्या जटायूवर तो चिडत नाही. त्याला एवढेच जाणून घ्यायचे असते, की हा मनुष्य खरोखर कोण आहे आणि कुठून आला. श्रद्धा आणि चौकशी यांचे वैर नाही. वैर असते ते श्रद्धेचा धंदा करणाऱ्याचे, आणि तेही चौकशीशी.

त्या रात्री चित्रपट संपल्यावर मला वाटले होते की अक्का मछलीबाबाच्या भक्तांना हसेल. ती हसली नाही. ती म्हणाली, ‘‘बघ ना, सगळे एकत्र बसलेत. प्रत्येकाला वाटतं, शेजारच्याने नीट पाहिलं असेल, मग मी कशाला पाहू? मला मात्र त्याने एकटीला बसवलं होतं. विचारायला शेजारी कुणी ठेवलंच नव्हतं.’’ कित्येक चित्रपट पाहूनही फसवणुकीच्या या दोन रीती मला इतक्या स्पष्टपणे कधी कळल्या नव्हत्या. एक रीत गर्दीची, दुसरी एकांताची. गर्दीत आपण दुसऱ्यावर विसंबतो आणि एकांतात भीतीवर. दोन्हींवर उपाय एकच : थांबावे आणि आपल्या विश्वासाच्या एका तरी माणसाला विचारावे. प्रत्येक गुप्तहेराला तोपशे, जटायू किंवा वॉटसन असा सोबती का लागतो, त्याचे उत्तरही मला तिथेच मिळाले. आपला विचार मोठ्याने बोलून दाखवला की त्यातली चूक ऐकू येते.

विद्यार्थिमित्रांनो, चित्रपट पाहताना एक छोटासा उपक्रम करून पाहा. अर्ध्यावर आल्यावर थांबा आणि वहीत तीन गोष्टी लिहा : आपण डोळ्यांनी काय पाहिले, कुणी सांगितले म्हणून काय मानले आणि आपण स्वतः काय कल्पिले. तिसऱ्या रकान्यातल्या किती गोष्टी आपण पहिल्या रकान्यात समजत होतो, हे पाहून चकित व्हाल. हाच उपक्रम वर्तमानपत्र वाचताना, मोबाइलवर आलेला संदेश पुढे पाठवण्यापूर्वी आणि पाठ्यपुस्तक वाचतानाही करता येतो. माझे हे व्याख्यानसुद्धा त्याला अपवाद मानू नका.

साठ वर्षांपूर्वी ही शाळा सुरू झाली. इथे आम्ही शिकलेल्या कविता, सनावळ्या, सूत्रे यांतले बरेचसे विसरून गेलो. गणिताच्या तासाला फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेले ‘ताळा पाहा’ हे दोन शब्द मात्र मनातून गेलेले नाहीत. उत्तर आले म्हणजे काम संपले नाही, ते उलट बाजूने तपासून पाहायचे, ही या शाळेची शिकवण. आपल्या भाषेत शिकण्याचा मोठा लाभ माझ्या मते हाच, की मूल इथे न अडखळता प्रश्न विचारू शकते. ज्या भाषेत आपण प्रश्न विचारायला शिकतो, त्या भाषेत आपल्याला फसवणे कठीण जाते.

अक्काची गेलेली रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. तपास चालू आहे. पण काशीहून आल्यापासून ती तिच्या वसाहतीतल्या ज्येष्ठ नागरिकांना दर शनिवारी एकत्र जमवते. आधी एखादा जुना रहस्यपट पाहायचा, मग आठवडाभरात कुणाला कोणते संशयास्पद फोन आले ते एकमेकांना सांगायचे. गेल्या महिन्यात अशाच एका आजोबांना ‘खाकीतल्या साहेबांचा’ फोन आला. आजोबा म्हणाले, ‘‘थांबा हं, जरा विचारून सांगतो,’’ आणि फोन ठेवून अक्काच्या घरी गेले. साहेबांचा पुन्हा फोन आला नाही.

आठवीत परत मिळालेल्या त्या पुस्तकाचा शेवट मला अजूनही कळलेला नाही. ते गुरुजी आज आपल्यात नाहीत. पण ज्या दिवशी ती दोन पाने हाती येतील, त्या दिवशी मी शाळेच्या ग्रंथालयात येऊन ती जागच्या जागी चिकटवीन, आणि ते पुस्तक बाकाखालच्या फळीवर नव्हे, तर ग्रंथालयाच्या कपाटात उजळ माथ्याने ठेवीन. ग्रंथपालांनी तेवढी जागा राखून ठेवावी, ही विनंती करतो आणि आपली रजा घेतो.